पर्यावरणीय संज्ञा आणि त्यांच्या व्याख्या : अड्यार नदीमुखाचे उदाहरण

पर्यावरण या विषयाची तयारी करणारे विद्यार्थी बहुधा वहीच्या एका बाजूस इंग्रजी संज्ञा आणि दुसऱ्या बाजूस मराठी प्रतिशब्द लिहून पाठांतर करतात. ही पद्धत सोयीची खरी. परंतु संज्ञेमागील व्याख्या ठाऊक नसेल तर प्रतिशब्द दिशाभूल करतो. कायद्यात आणि महसुली दप्तरात तर व्याख्येवर जमिनीचे भवितव्य ठरते. चेन्नईतील अड्यार नदीचे मुख हे याचे बोलके उदाहरण आहे.

सुमारे ४२ किलोमीटर लांबीची ही नदी शहराच्या दक्षिण भागातून वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. नदीचे गोडे पाणी आणि भरतीचे खारे पाणी जेथे मिसळते त्या भागास इंग्रजीत 'एस्चुअरी', मराठीत 'नदीमुख' आणि तमिळमध्ये 'कळिमुगम्' म्हणतात. गाळ साचून नदीला फाटे फुटतात तो त्रिभुज प्रदेश वेगळा. नर्मदा व तापी यांची मुखे त्रिभुज प्रदेशात मोडत नाहीत, हे परीक्षेच्या दृष्टीने ध्यानात ठेवावे.

अड्यारच्या मुखालगतच्या भरतीच्या फाट्यास 'क्रीक' म्हणतात. ब्रिटिश इंग्रजीत या शब्दाचा अर्थ समुद्राचे आत शिरलेले पाणी असा आहे, तर अमेरिकेत लहानशा ओढ्यालाही 'क्रीक' म्हणतात. मराठीत त्यास 'खाडी' हा नेमका शब्द आहे. मात्र हिंदीत 'बंगाल की खाड़ी' म्हणजे आपला बंगालचा उपसागर! हिंदी पुस्तकांवरून टिपणे काढणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे.

'वेटलँड' या संज्ञेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या कराराने तिची व्याख्या फार विस्तृत केली. नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायम वा हंगामी, गोड्या वा खाऱ्या पाण्याची दलदलीची क्षेत्रे तीत येतात; ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा अधिक खोल नसलेले सागरी पाणीही येते. भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र नदीपात्रे, भातखाचरे, तसेच केवळ पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यशेती व मीठ उत्पादन यांसाठी निर्माण केलेले जलसाठे वगळले. किनारा नियमन क्षेत्रातील पाणथळींनाही हे नियम लागू नाहीत, कारण तेथे किनारा नियमन अधिसूचना चालते. मराठी 'पाणथळ' या शब्दात आणखी एक अडचण आहे. सांगली-कोल्हापूरकडे पाणथळ जमीन म्हणजे अतिसिंचनाने बिघडलेली, निचरा करून सुधारावयाची जमीन. म्हणजे एकच शब्द एका खात्यात दोष सांगतो आणि दुसऱ्या खात्यात संरक्षणाचा हक्क.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. तमिळनाडूच्या महसुली भाषेत आकारणीबाहेरच्या जमिनीस 'पोरंबोक' म्हणतात. तळी, ओढे, चराऊ माळ असे सर्वांच्या वापराचे बरेच काही या सदरात होते. तरी बोलीत हा शब्द पुढे कुचकामी माणसासाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला. आपल्या सातबाऱ्यावरील 'पोटखराबा' याचेही तसेच आहे. त्याच्या 'ब' वर्गात ओढे व रस्ते अशा सार्वजनिक उपयोगाच्या जागा येतात, पण नाव मात्र खराब्याचे. सन २००० च्या देशाच्या पडीक जमीन नकाशासंग्रहातही दलदलीच्या जमिनींचा एक वर्ग होता. नावातच 'पडीक' असले की भराव टाकणाऱ्यास सबब शोधावी लागत नाही. चेन्नईच्या दक्षिणेकडील पळ्ळिकरणै दलदलीचा मोठा भाग असाच कचरा व बांधकामांखाली गेला. उरलेल्या भागास २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले.

अन्य देशांतही हेच घडले. रुमानियन भाषेत 'बाल्टा' म्हणजे डबके, तळे, तसेच डॅन्यूबच्या पुराखाली जाणारा दलदलीचा प्रदेश. ब्राइला शहराजवळील मोठी 'बाल्टा' १९६० च्या दशकात बांध घालून शेतजमीन करण्यात आली. शेजारची लहान 'बाल्टा' बव्हंशी वाचली आणि २००१ मध्ये रामसर यादीत गेली.

अड्यारच्या खाडीतही राडारोडा व कचरा साठला होता. तेथील ५८ एकर क्षेत्राचे पुनरुज्जीवन करून जानेवारी २०११ मध्ये 'तोल्काप्पिय पूंगा' हे उद्यान खुले झाले. एका पर्यावरण उद्यानास प्राचीन व्याकरणकार तोल्काप्पियर यांचे नाव द्यावे, हे लेखकास फार समर्पक वाटते. कारण त्यांच्या ग्रंथात डोंगर, अरण्य, शेत आणि समुद्रकिनारा अशी भूप्रदेशांची वर्गवारी स्वतंत्र नावांनिशी आली आहे. पुढे १ व २ डिसेंबर २०१५ रोजी अतिवृष्टी आणि चेंबरंबाक्कम तलावातील विसर्ग यांमुळे अड्यारला महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या सखल भागांचे खरे काम काय, हे शहराला कळून चुकले.

आता कायद्यापुरता शेवटचा मुद्दा. नदीत किनारा नियमन क्षेत्र कोठपर्यंत धरावे? २०११ च्या अधिसूचनेनुसार भरतीचा प्रभाव जेथवर पोहोचतो तेथवर. आणि तो वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता दर हजारी ५ भाग असेल त्या बिंदूवरून ठरतो. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह क्षीण होऊन खारे पाणी अधिक आत येते, हे त्यामागील तत्त्व. परंतु अड्यारच्या मुखाशी वाळूचा दांडा साचून भरतीचे पाणी अडते. त्यामुळे मोजणीच्या वेळी हा दांडा उपसलेला होता की नव्हता, यावर कायद्याची हद्द पुढेमागे सरकू शकते.