मामाचा मूतखडा आणि मोबाईलमधले डॉक्टर

दिवाळीच्या सुट्टीत मी निलंग्याला मामाकडे होतो. एका रात्री मामाच्या कमरेतून अशी कळ निघाली की घरात कुणालाच झोप नाही. सकाळी सोनोग्राफी केली. मूत्रवाहिनीत ७ मिलिमीटरचा खडा! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आठ दिवसांनी बोलावलं. घरी आल्यावर मोबाईलमधले डॉक्टर सुरू झाले.

एकाने हुलग्याचं पाणी सांगितलं, दुसऱ्याने पानफुटीची पानं, तिसऱ्याने चक्क बिअर. (मामा माळकरी, म्हणून तो विषय तिथेच संपला.) पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. खड्यात कॅल्शियम असतं, म्हणून दूध बंद! मामीने रतीबच बंद केला.

तिसऱ्या दिवशी मामाला थंडी वाजून ताप आला. "खडा उतरताना अंग तापतं, व्हिडिओत सांगितलंय," मामी म्हणाली. मीही मान डोलावली, इंजिनिअर ना! संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला तर ते ओरडलेच, "आत्ताच्या आत्ता लातूरला न्या!" अडलेल्या लघवीत जंतू वाढले की ते रक्तात पसरून जिवावर बेततं. त्याच रात्री स्टेंट टाकून लघवीला वाट करून दिली. आम्ही पाहिलेल्या एकाही व्हिडिओत तापाचा धोका सांगितलेला नव्हता.

हॉस्टेलवर परतल्यावर मी वाचायला बसलो. बोर्गी नावाच्या इटालियन डॉक्टरांचा २००२ सालचा अभ्यास सापडला. वारंवार खडे होणारे १२० पुरुष, ५ वर्षं. कॅल्शियम कमी केलेल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीएवढं, पण मीठ आणि मांसाहार कमी, अशा ६० पैकी फक्त १२ जणांना. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. दूध तोडलं की तेच ऑक्झलेट मोकळं होऊन लघवीत उतरतं. म्हणजे रतीब उगाच बंद केला होता.

अशी माहिती तपासायला ब्रिटनमध्ये १९९९ साली 'डिसर्न' नावाची पद्धत निघाली. १६ प्रश्न, प्रत्येकी १ ते ५ गुण. माहिती कधीची? कुठून घेतली? उपचाराचे धोके सांगितलेत का? उपचार घेतलाच नाही तर काय होईल? मामाचा आवडता व्हिडिओ या चाळणीतून काढला. तारीख नाही, आधार नाही, चूर्ण विकणाऱ्याचा नंबर मात्र ठळक. पण डिसर्नसुद्धा माहिती खरी की खोटी हे तपासत नाही, हेही लक्षात ठेवा.

इंग्रजीत चांगली माहिती भरपूर आहे, पण मामाला तिचा काय उपयोग? म्हणून मी मराठीत अर्धं पान लिहून पाठवलं. ताप आला किंवा लघवी बंद झाली तर थांबू नका. पुन्हा खडा नको असेल तर दिवसाला अडीच लिटर मूत्रोत्सर्जन होईल इतकं पाणी प्या. कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी, शब्दकोश उघडून लिहिलेलं!

मामीचा लगेच फोन. "मूत्रोत्सर्जन म्हणजे काय रे?"

खोडून 'लघवी' लिहिलं आणि पुन्हा पाठवलं.