फ्रेम घ्यायची घाई करू नकोस

अगं, ती चष्म्याची महागडी फ्रेम आधी परत ठेव. डॉक्टर म्हणाले ना, कॉर्नियाचं रोपण अगदी स्वच्छ आहे? तरी तक्त्यावरची अक्षरं तुला दुहेरी दिसतात, रिक्षाच्या दिव्यांना शेपट्या फुटतात, आणि मग ऑपरेशन फसलं म्हणून तू रात्रभर कुढत बसतेस. तसं नाही गं. कॉर्निया पारदर्शक असणं वेगळं आणि त्याचा बाक नीट असणं वेगळं. तुझं पहिलं काम झालंय, दुसरं अजून चालू आहे.

केराटोकोनसमुळे तुझा कॉर्निया पातळ होऊन टोकदार झाला होता. डाल्कमध्ये, म्हणजे तुझ्या या अर्ध्या रोपणात, त्याचे वरचे थर काढून नेत्रदात्याचे बसवले, सगळ्यात आतला पेशींचा नाजूक थर मात्र तुझाच ठेवला. म्हणून तो थर शरीराने नाकारायची भीती तुला नाही. पण नवा भाग सभोवार शिवलाय, तोही केसाहून बारीक नायलॉनने. साडीला फॉल लावताना एखादा टाका जास्त ओढला की काठ आखडतो, तसंच हे. ज्या दिशेचा टाका घट्ट, त्या दिशेला मधला भाग जास्त उभार घेतो. हाच तुझा सिलिंडर नंबर. डोळ्याची जवळपास दोन तृतीयांश फोकसशक्ती या अर्ध्या मिलिमीटरच्या कॉर्नियात असते, त्यामुळे बाक जरासा बिघडला तरी नजरेला लगेच कळतं.

डॉक्टर टोपोग्राफी काढतात ती त्यासाठीच. त्या रंगीत नकाशात चढ कुठे, उतार कुठे ते दिसतं, आणि काही महिन्यांनी ते बघून नेमका घट्ट टाका काढतात. एक काढला की नंबर हलतो. शेवटचा निघाला की पुन्हा हलतो, कधीकधी चांगलाच. कॉर्नियात रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून जखम सावकाश भरते. सगळं स्थिरावायला वर्ष-दीड वर्षही जातं. तोवर कामापुरता साधा चष्मा कर, बदलावा लागला तर जीव हळहळणार नाही असा.

आणि शेजारच्या काकूंशी बरोबरी बंद कर बघू! त्यांचंही अर्धंच रोपण, पण डीसेक, म्हणजे आतल्या बाजूचं. खराब झालेला आतला थर काढून तिथे नवी चकती हवेच्या बुडबुड्याने चिकटवली. तुझ्यासारखे सभोवार टाके नाहीत, म्हणून त्या लवकर वाचायला लागल्या. नंबर त्यांचाही बदलतोच. चकती कडेला जाड आणि मध्ये पातळ असते, त्यामुळे प्लसकडे साधारण १ ते १.५ नंबर सरकतो. एवढं काकू कट्ट्यावर सांगत नाहीत, इतकंच.

"एवढं ऑपरेशन करून पुन्हा चष्माच?" असं सासरी कुणीतरी म्हणणारच. म्हणू देत. टाके निघूनही सिलिंडर उरला तर आरजीपी किंवा स्क्लेरल लेन्स असते. ती कडक असते, आणि तिच्याखालचं पाणी कॉर्नियाचा उंचसखलपणा भरून काढतं. चष्म्याने जमत नाही ते तिने बरेचदा जमतं. लेन्स लागली म्हणजे रोपण वाया गेलं, असं मला तरी मुळीच वाटत नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. डोळ्यात अचानक वाळू गेल्यासारखं कचकचलं, लाली आली, उजेड सहन होईना किंवा नजर उतरली, तर रविवार असो की दिवाळी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. टाका सैल झालेला असू शकतो, आणि सैल टाक्याशी जंतुसंसर्ग होतो. मध, गुलाबपाणी काही घालायचं नाही. डोळा चोळायचा नाही, झोपेतसुद्धा. रात्री डोळ्यावर कवच लाव. स्टेरॉइडचे थेंब बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नकोस, आणि त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो म्हणून तो तपासल्याशिवाय परत येऊ नकोस.

पुढच्या वेळी जाताना जुन्या टोपोग्राफीची फाइल ने. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून दाखवायला सांग, आणि थेट विचार, "आता कोणता टाका काढणार, आणि कधी?"