पाय सरळ झाला, मग बूट कशाला?

प्रश्न : माझा नातू नऊ महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा दोन्ही पावलं आत वळलेली होती. मुंबईला नेऊन दर आठवड्याला प्लास्टर घातलं, टाचेमागे बारीकसा छेद दिला, आणि आता पावलं अगदी सरळ दिसतात. तरी डॉक्टर म्हणतात, पट्टीला जोडलेले बूट चार-पाच वर्षांचा होईपर्यंत रोज रात्री घालायचेच. पोर रडतं. सून रात्रभर जागते आणि सकाळी लावणीला जाते. सरळ झालेल्या पायाला इतकी वर्षं बूट कशाला? दुसरं म्हणजे, शेजारणी म्हणतात की पोटुशी असताना ग्रहणात सुनेनं विळीला हात लावला, म्हणून हे झालं. खरं का?
– एक आजी, पोशीर (ता. कर्जत)

उत्तर : आजी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ती गोष्ट तुमच्या सुनेच्या मनाला लागून राहिली असेल. नाही, हे खरं नाही. ग्रहणाचा आणि विळीचा या पावलांशी काडीचाही संबंध नाही. साधारण हजार बाळांमागे एखादं बाळ असं वळलेलं पाऊल घेऊन जन्मतं. ग्रहण पाळणाऱ्यांच्या घरात जन्मतं आणि ज्या देशांत ग्रहण कुणी पाळत नाही तिथंही जन्मतं. मुलींपेक्षा मुलग्यांत हे दुपटीने दिसतं आणि निम्म्या बाळांत दोन्ही पावलं वळलेली असतात. बाळ पोटात चार-पाच महिन्यांचं असताना पाऊल आत फिरू लागतं. काही घरांत ते पिढ्यांतून येतं, बहुतेक घरांत आधी कुणालाच नसतं. आईनं काही केल्यानं ते होत नाही आणि काही न केल्यानं टळतही नाही. शेजारणींना हे तुम्हीच सांगा. सुनेनं सांगितलं तर ते सफाई दिल्यासारखं वाटेल. सासूनं ठणकावून सांगितलं की विषय संपतो.

आता बुटांचं. तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. तो न विचारताच बूट माळ्यावर टाकणारी घरं पुष्कळ असतात, म्हणून तुम्ही विचारलंत याचं मला फार बरं वाटलं.

प्लास्टरनं पाऊल सरळ झालं, पण ज्या ओढीनं ते वळलं होतं ती ओढ अजून गेलेली नाही. या बाळांच्या घोट्याच्या आतल्या आणि मागच्या बाजूचे बंध जाड, आखूड आणि ताठ असतात. पोटरीचा स्नायूही थोडा बारीक असतो. तान्ह्या बाळाची पावलाची हाडं अजून बरीचशी कुर्चेची, म्हणजे मऊ असतात, म्हणून आठवड्या-आठवड्यानं थोडं थोडं ताणत त्यांना जागेवर आणता येतं. पण पाऊल वाढतंही झपाट्यानं. दीड वर्षाच्या मुलग्याचं पाऊल मोठेपणीच्या जवळजवळ निम्म्या लांबीचं झालेलं असतं. या वाढीत तेच बंध पुन्हा आखडू पाहतात. त्यांचा हा जोर चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत टिकतो आणि मग ओसरतो. डॉक्टर चार-पाच वर्षं म्हणतात ती यामुळे.

तुमच्या नातवावर झाले त्या उपचारांना पॉन्सेटी पद्धत म्हणतात. इग्नासिओ पॉन्सेटी हे १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मलेले डॉक्टर. पुढे ते अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम करू लागले. तिथं त्यांनी लहानपणी मोठी शस्त्रक्रिया झालेली पावलं काही वर्षांनी पुन्हा तपासली. ती ताठ, दुखरी आणि अशक्त झालेली होती. मग त्यांनी चिरफाड टाळून हातानं हळूहळू पाऊल फिरवायचं आणि प्लास्टरनं धरून ठेवायचं, ही रीत बसवली. १९६३ साली त्यांनी निष्कर्ष छापले, पण पुढची तीसेक वर्षं डॉक्टरांच्या जगानं तिकडं फारसं पाहिलं नाही. ती पसरली त्यात आईबापांचा मोठा वाटा आहे. ज्यांची मुलं अशी बरी झाली त्यांनी इतर पालकांना सांगितलं आणि पालक डॉक्टरांकडे तीच पद्धत मागू लागले. याच पद्धतीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत बुटांविषयी दोन आकडे आहेत : नियमानं बूट घालणाऱ्या मुलांत पाऊल पुन्हा वळण्याचं प्रमाण शंभरात ६, आणि न घालणाऱ्यांत ८० च्या वर. पाच-सात प्लास्टरं, गाडीतली धक्काबुक्की, बुडालेले रोज, हे सगळं टिकणार की वाया जाणार ते घरातल्या रात्रींवर ठरतं.

शेजारपाजारचं आणखी एक सांगणं असतं : पट्टी काढा, नुसते बूट घाला. त्याचा उपयोग नाही. दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला साठ-सत्तर अंशांत वळवून धरण्याचं काम पट्टीच करते. पट्टी बाळाच्या खांद्यांएवढी रुंद असावी. गुडघे मोकळेच असतात, त्यामुळे बाळ पाय झाडतं तेव्हा पोटरीला आपोआप ताण मिळतो.

आता रडण्याबद्दल. बूट नीट बसले असतील तर बाळ दुखतंय म्हणून रडत नाही, दोन पाय वेगवेगळे हलवता येत नाहीत म्हणून चिडतं. पट्टी हातात धरून दोन्ही पाय एकदम वाकवायचे आणि सरळ करायचे, हा खेळ झोपण्याआधी थोडा वेळ खेळा. त्याला ते जमलं की चिडणं कमी होतं. हा खेळ आजीनं घ्यावा, आजोबांनी घ्यावा. बूट घालायची वेळ रोज एकच ठेवा. आज रडला म्हणून काढले, उद्या घातले, असं झालं की रडल्यावर बूट निघतात हे बाळ बरोबर शिकतं. पण रडणं थांबतच नसेल तर बूट काढून कातडी पाहा. मोज्याला सुरकुती नको. टाच बुटात पूर्ण खाली टेकलेली हवी. आधी घोट्यावरचा पट्टा घट्ट करा, बाकीचे मग. टाचेवर लालभडक चट्टा किंवा फोड दिसला तर पाऊल आत सरकतंय असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यावर तेल किंवा मलम चोळू नका, कातडी आणखी मऊ होते. तेलमालीश दिवसा करा आणि पाय कोरडे पुसून मग बूट चढवा.

झोळीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्याकडे घरोघरी झोळी असते म्हणून सांगते. कापडाच्या झोळीत पाय एकमेकांकडे ढकलले जातात आणि पट्टी कापडात अडकते. बूट घातले की त्याला सपाट पाळण्यात किंवा खाली गोधडीवर झोपवा. दिवसा मात्र खुशाल कडेवर घ्या. आईच्या कमरेला दोन्हीकडे पाय टाकून बसणं खुब्याच्या सांध्यालाही चांगलं. आणि पावसाळ्यात चामड्याच्या बुटांना बुरशी धरते. दिवसभर ते हवेवर वाळू द्या, चुलीशेजारी नको, चामडं कडक होतं.

पोशीरहून नेरळ स्टेशन, तिथून लोकलनं परळ-दादर, ही वारी काखेत बाळ आणि हातात पिशवी घेऊन करणं सोपं नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून सरकारी व्यवस्थेचा पुरता उपयोग करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते आणि वळलेलं पाऊल, निखळलेला खुबा, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं वाकणारी हाडं हे सगळं त्या यादीत आहे. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना सांगून नातवाचं नाव नोंदवा. अनेक सरकारी रुग्णालयांत क्लबफूटसाठी, म्हणजे अशा वळलेल्या पावलांसाठी, ठरावीक वार असतो आणि पट्टीचे बूट तिथं मोफत मिळतात.

याच बोलण्यात मला फातिमा इस्माईल यांची आठवण काढायची आहे. मुंबईच्या या बाईंच्या लहानग्या मुलीला, उषाला, पोलिओ झाला. इलाजासाठी त्या तिला मद्रासच्या डॉ. किणींकडे घेऊन गेल्या. मूल सुधारतं ते डॉक्टरांच्या हातानं आणि नंतर महिनोन्‌महिने घरच्यांनी करून घेतलेल्या व्यायामानं, हे त्यांनी अनुभवलं, आणि १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजी अलीजवळचं मुलांचं रुग्णालय त्या कामातूनच उभं राहिलं. पोलिओ आता आपल्याकडून गेला, पण घरच्यांच्या वाट्याचं ते काम प्रत्येक हाडासांध्याच्या दुखण्यात तसंच उरलं आहे, आणि ते एकट्या आईवर टाकलं की ती कोलमडते. लावणीच्या दिवसांत तर नक्कीच. रात्री बाळाला उठून पाहण्याची पाळी वडिलांनीही घ्यावी. ते बाळही त्यांचंच आहे.

पुढं चालायला लागल्यावर तो पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालतोय, टाच जमिनीला टेकत नाहीये, किंवा बूट घालताना पूर्वीपेक्षा जोर लावावा लागतोय असं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता निघा. पाऊल पुन्हा वळलं तरी घाबरायचं कारण नाही. पुन्हा काही प्लास्टरं लागतात, आणि तीनेक वर्षांनंतर गरज पडली तर एक कंडरा जागा बदलून बसवतात. चालतं मूल असूनही ज्याचे पाय कधीच दाखवले गेले नाहीत, असं कुणी तुमच्या आसपासच्या वाडीवर असेल, दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारं एखादं पोर असेल, तर त्यांनाही हे सांगा. वय वाढलं म्हणून प्लास्टरचा उपयोग संपत नाही, वेळ मात्र जास्त लागतो.

आणि नातवाची बोटं बुटाच्या पुढच्या कडेवरून बाहेर आलेली दिसली की मोठा जोड मागून घ्या. या वयात ते काही महिन्यांतच होतं.