आपल्या जखमेचं देव काय करतो?

आजचं वाचन : २ करिंथकरांस १:३-११



मी केडगावची आहे म्हटलं की पाहुणे लगेच विचारतात, "म्हणजे पंडिता रमाबाईंचं केडगाव?" नाही हो. माझं केडगाव अहिल्यानगरला लागून, पुण्याच्या रस्त्यावरचं. रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे ते केडगाव दौंड-पुणे रेल्वेमार्गावरचं, पुणे जिल्ह्यातलं. हे सांगून सांगून मी कंटाळले होते. पण मागच्या वर्षी नोकरी गेली, पुण्यातली खोली सोडून घरी आले, आणि हाताशी वेळच वेळ होता. म्हटलं, या बाईंची गोष्ट नीट वाचू तरी.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. किशोरवयातच दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. उरलेल्या भावासोबत त्या उपाशीपोटी, पायी देशभर फिरल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती गेले आणि पदरात लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मग सगळं सुरळीत झालं का? नाही. मुंबईत शारदा सदन सुरू केलं, ते पुण्याला नेलं आणि तिथे कडवा विरोध झाला. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. इतक्या जणींना ठेवायचं कुठे? केडगावच्या माळावर. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं.

इथे मी थांबले. दुष्काळ देवानं रमाबाईंना धडा शिकवायला पाठवला, असं मी म्हणणार नाही. आई-बापाचा मृत्यू तो मृत्यूच. पण ती भूक देवानं वायाही जाऊ दिली नाही. ज्या वाटेवर त्या एकदा उपाशी चालल्या होत्या, त्याच वाटेवर त्या परत गेल्या, या वेळी कुणाला तरी घरी आणायला.

पौल आजच्या वाचनात हेच सांगतो. आशियात आपल्यावर इतकं ओझं आलं की जगण्याचीही आशा उरली नव्हती, हे तो लपवत नाही. एवढा मोठा प्रेषित, आणि सरळ कबूल करतो! त्यातून तो दोन गोष्टी शिकला. एक, भरवसा स्वतःवर नाही, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर ठेवायचा. दुसरी, देवाकडून मिळालेलं सांत्वन आपल्यापाशीच साठवायचं नसतं, पुढे द्यायचं असतं.

धैर्य म्हणजे रडू न येणं नव्हे. जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाईंचं शेवटचं माणूस. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या, काम तडीला नेऊनच.

माझी नोकरी म्हणजे काही दुष्काळ नव्हे. पण त्या दिवसांत मंडळीतल्या एका मुलीचाही जॉब गेला. पूर्वीची मी तिला एखादं वचन फॉरवर्ड केलं असतं आणि मोकळी झाले असते. या वेळी तिच्या घरी गेले. फार काही बोलले नाही. चहा घेतला, शेजारी बसले, निघताना दोघींनी प्रार्थना केली. मला अजून नोकरी नव्हती. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, माझा हा काळ रिकामा नाही.

विचार करा : ज्या दुःखाबद्दल तुम्ही देवाला "का?" विचारता, त्याच दुःखात आज तुमच्या ओळखीचं कोण आहे? आज त्यांना मेसेज नको, फोन करा. जमलं तर जाऊनच या.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला मिळालेली नाहीत. तरी मी तुझा हात सोडत नाही. तू मला जसं सावरलंस, तसं कुणाला तरी सावरायला आज मला पाठव. येशूच्या नावात मागते. आमेन.