दोन पर्याय जुळत नसतील तर मशीन उठूच देऊ नका

क्यूईएमयू या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली आणि डेटाबेसचं व्हर्च्युअल मशीन उठेचना, अशी तक्रार घेऊन एका कंपनीची मंडळी माझ्याकडे आली होती. सगळा राग अपग्रेडवर. दोष मात्र कितीतरी जुना होता. मशीन सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये डिस्कपुढे 'एआयओ=नेटिव्ह' लिहिलेलं, आणि कॅशेबद्दल अवाक्षर नाही. कॅशेचं काही सांगितलं नाही, की क्यूईएमयू 'राइटबॅक' धरतं आणि होस्टची पेज कॅशे मध्ये येते. लिनक्सचं नेटिव्ह एआयओ (असिंक्रोनस आय/ओ) मात्र पेज कॅशे टाळली तरच नीट चालतं. एरवी विनंती देणारा थ्रेडच अडकून बसू शकतो. म्हणून त्याला 'कॅशे.डायरेक्ट=ऑन' लागतंच.

जुन्या आवृत्त्या ही विसंगती पोटात घालून गुपचूप 'एआयओ=थ्रेड्स'वर जात. पुढे लॉगमध्ये इशारा येऊ लागला, की याची एरर होणार आहे. चालत्या मशीनचा लॉग कोण उघडतं? शेवटी ती खरंच एरर झाली. तोवर डेटाबेस मागितलेल्या पद्धतीनं कधी चाललाच नव्हता.

व्हीएम बनवणारी स्क्रिप्ट किंवा पॅनेल ज्यांच्या हाती आहे, त्यांना कळकळीनं सांगतो: वापरणाऱ्यानं लिहिलेलं मूल्य परस्पर बदलू नका. नकार द्या, आणि नकारात दोन्ही पर्यायांची नावं घ्या. नुसतं 'चुकीचं कॉन्फिगरेशन' म्हटलं तर माणूस चाचपडत बसतो. असा नकार देण्यासाठी 'ऑफ लिहिलं' आणि 'काहीच लिहिलं नाही' यांतला फरक प्रोग्रॅमला कळला पाहिजे. क्यूईएमयूत कित्येक ठिकाणी ऑन, ऑफ, ऑटो अशी तीन मूल्यं आहेत ती याचसाठी. 'ऑटो' असेल तर खुशाल जुळवून घ्या. ऑन-ऑफ माणसानं स्वतः लिहिलं असेल तर हात लावू नका.

स्कीमावरही विसंबू नका. मशीनची व्याख्या साठवणाऱ्या 'व्हर्श डिफाइन' आज्ञेला '--व्हॅलिडेट' जोडलं की त्या व्याख्येचं एक्सएमएल स्कीमाशी ताडलं जातं, पण स्कीमा मुख्यतः रचना आणि एकेक मूल्य पाहते. दोन मूल्यांचं आपसात जमतं का, ही तपासणी कोडमध्येच लिहावी लागते. ही तपासणी मशीनची व्याख्या साठवतानाच व्हावी, मशीन उठवताना नव्हे.

अपग्रेडआधी जुन्या लॉगमध्ये त्या इशाऱ्यातले 'फॉलिंग बॅक' हे शब्द शोधा. मग तीच स्क्रिप्ट नव्या आवृत्तीवर रिकाम्या डिस्क-इमेजसह चालवून पाहा. चालू मशीनची खरी इमेज देऊ नका. 2017 मधल्या 2.10 आवृत्तीपासून क्यूईएमयू इमेजला लॉक लावतं आणि दुसऱ्या मशीनला तिच्यात लिहू देत नाही.