आजचं चिंतन : पहाटे कोण उठवतं? (गीता, अध्याय ६, श्लोक ३४-३५)



मन वाऱ्यासारखं आहे, आवरू कसं? ही अर्जुनाची तक्रार. व्यायाम सुरू करणाऱ्या आपल्या सगळ्यांची तक्रारही हीच. शुगर वाढल्याचा रिपोर्ट आला तेव्हा मी घाबरून पळायला लागलो. भीती बारा दिवस टिकली. मग रोज वजन बघू लागलो. काटा हलेना, तसा मीही हलेनासा झालो.

भगवंत दोन उपाय सांगतात : अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे एकही दिवस न चुकणं नव्हे. चुकल्यावर पुन्हा परत येणं. आणि वैराग्य? माझ्यापुरतं, रोजचा वजनकाटा सोडणं.

आषाढीला त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आपल्या नगर जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. साठी ओलांडलेली माणसं दिवसच्या दिवस चालतात. कॅलरी कोण मोजतंय? निघायची वेळ ठरलेली, शेजारी सोबती, ओठांवर नाम. एकट्याचं मन मागे हटलं तरी दिंडी त्याला पुढे नेते.

मी तेवढंच उचललं. सकाळी सहाला शेजारचे काका गेटवर उभे असतात. त्यांना ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून उठतो. हरिपाठ म्हणत अर्धा तास भरभर चालतो. आठवड्यातून पाच दिवस धरले तरी १५० मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान एवढंच सांगते.

आजचा संकल्प : उद्यासाठी एक वेळ ठरवा आणि एका सोबत्याला आत्ताच फोन करा.

जय हरी!