कधी आजारी पडत नाही, मग ईएसआयची कपात कशाला?

प्रश्न : मी सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. पगार १८,००० रुपये. दरमहा १३५ रुपये ईएसआयला कापतात. मी कधी आजारी पडत नाही. ही कपात बंद करता येईल का?
– एक कामगार, ता. पारनेर

उत्तर : नाही. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, सक्तीची आहे. पण पैसे वाया जातात, हा गैरसमज मनातून काढा. तुमच्या पाऊण टक्क्यावर मालक सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५ रुपये भरतो. त्यात पत्नी, मुले आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचेही उपचार होतात. अटी पूर्ण असतील, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. धडधाकट माणसे बाहेर राहिली, तर आजाऱ्यांचा भार कोण उचलणार? म्हणून ही सक्ती मला रास्त वाटते.

कुटुंबाची नावे आजच नोंदवा. वर्गणी जमा होते का, हे ईएसआयच्या पोर्टलवर पाहा; होत नसेल तर कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे तक्रार करा. ‘कपात नको, रोख घ्या’ असे कोणी म्हटले तर ऐकू नका. मशीनमध्ये हात सापडला तर हाच विमा कामी येतो. नोकरी सुटलीच, तर रेशनकार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. निर्धास्त राहा.